केबिनमध्ये कॅमेरा बसवण्यापूर्वी: चालकांचे म्हणणे कसे ऐकावे आणि नियम कसा लिहावा

चाकण, तळेगाव आणि रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांचा माल उचलणाऱ्या लहान वाहतूकदारापुढे कधी ना कधी एक अट येतेच, ती म्हणजे केबिनमध्ये चालकाकडे तोंड करून कॅमेरा असेल तरच काम मिळेल. अट आली की मालक विक्रेत्याला फोन लावतो, विक्रेत्याचा माणूस निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत उभ्या असलेल्या गाडीत तासाभरात यंत्र बसवून जातो, आणि चालकाला ही गोष्ट कळते ती रात्री काचेवर दिवा लुकलुकताना दिसतो तेव्हा. मी अशाच एका व्यवसायात काही वर्षे फेऱ्यांचे नियोजन सांभाळले आहे आणि पहिल्या खेपेला आम्हीही नेमके असेच केले. त्याच महिन्यात दोन जुने चालक काम सोडून गेले; बाकीच्यांनी त्या यंत्राला ‘मुकादम’ असे नाव ठेवले आणि ते आजतागायत टिकून आहे.

पुढे जे लिहिले आहे ते दहा ते पन्नास गाड्या असलेल्या मालकांसाठी आणि त्यांच्या सुपरवायझरसाठी आहे. अशा ठिकाणी मालक चालकाला नावाने ओळखतो, स्वतंत्र मनुष्यबळ विभाग नसतो, आणि नियम बहुधा तोंडीच असतात. कॅमेरा लावावा की लावू नये हा निर्णय शेवटी ज्याचा त्याने घ्यायचा आहे. परंतु तो घेण्यापूर्वी चालकांशी बोलावे कसे, त्यांच्या बोलण्यातून काय टिपावे आणि त्यातून एक पानी नियम कसा तयार करावा, एवढेच येथे सांगितले आहे.

आधी यंत्र कोणते ते नीट समजून घ्यावे

चालकांशी बोलायला बसण्यापूर्वी आपण नेमके काय बसवणार आहोत हे आपल्याला स्वतःला सांगता आले पाहिजे, कारण पहिला गोंधळ येथेच होतो. गाडीचे ठिकाण कळवणारे यंत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘जीपीएस’, ही एक गोष्ट झाली. त्याचे मानक एआयएस-140 या नावाने ओळखले जाते, ते आपल्याच कोथरूडमधील, वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय या संस्थेने प्रसिद्ध केलेले आहे, आणि त्याचा चालकाच्या चेहऱ्याशी काहीही संबंध नाही. रस्त्याकडे पाहणारा कॅमेरा ही दुसरी गोष्ट, आणि चालकाकडे पाहणारा कॅमेरा ही तिसरी. या तिसऱ्याचेही प्रकार आहेत. काही यंत्रे पापणी मिटलेली राहण्याचे प्रमाण, जांभई आणि मान वळण्याची दिशा पाहून केवळ केबिनमध्येच शिट्टी वाजवतात. काही यंत्रे तो प्रसंग घडला त्याच्या आगेमागेचे काही सेकंद जपून ठेवून कार्यालयाला पाठवतात. आणि काहींमध्ये कार्यालयात बसलेला माणूस वाटेल तेव्हा थेट चित्र पाहू शकतो, आवाजही ऐकू शकतो.

चालकाच्या दृष्टीने या तीन प्रकारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि मालकाच्या कोटेशनमध्ये मात्र तिन्हींचे नाव बहुधा एकच असते. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत: चित्रण सतत होते की प्रसंगापुरते, आवाज बंद करता येतो का, आणि थेट चित्र पाहण्याची सोय आपल्याला बंद ठेवता येते का. युरोपीय संघाने 2019 च्या नियमावलीत नव्या वाहनांसाठी झोपेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करताना त्यातली माहिती गाडीतल्या गाडीतच राहील आणि त्रयस्थाला मिळणार नाही, अशी अट घातली आहे. म्हणजे चित्र कुठेही न पाठवता इशारा देणारे यंत्र बनू शकते, आणि ग्राहकाची अट केवळ सुरक्षिततेची असेल तर त्याच्याशी बोलताना हा दाखला कामाला येतो.

बोलावे कुठे, कसे

कार्यालयात बोलावून, पगाराच्या दिवशी, सुपरवायझर शेजारी उभा असताना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘तुम्ही म्हणाल तसं, शेठ’ हेच येते, आणि त्याला संमती समजणे ही मालकाची चूक असते. सगळ्यांना एकत्र बसवले तर सर्वांत जुना चालक बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. आमच्या अनुभवात खरे बोलणे झाले ते कारखान्याच्या गेटबाहेर, नंबर लागण्याची वाट पाहताना, टपरीवर, एकेकट्याशी. अर्ध्या तासात एका चालकाशी पुरेसे बोलून होते. दहा गाड्यांसाठी दोन आठवडे धरावेत.

‘कॅमेरा चालेल का?’ असा प्रश्न सुरुवातीलाच विचारू नये. मागच्या फेरीपासून सुरुवात करावी: गाडी कधी भरली, कुठे झोपलात, डोळा कुठे लागायला आला होता, घाटात काही झाले का. या उत्तरांमधून चालक स्वतःच यंत्राकडे येतो, आणि तेव्हा तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावे. आपले उत्तर तिथल्या तिथे देण्याचा मोह आवरावा. समजूत घालायला लागलो की पुढचे वाक्य समोरच्याच्या तोंडातून निघत नाही. बीड, सोलापूर, अहिल्यानगरकडचे चालक मराठीत मोकळे होतात, पण उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून आलेल्या चालकाशी हिंदीतच बोलावे आणि त्यासाठी शक्यतो सुपरवायझर दुभाषी म्हणून घेऊ नये. क्लीनर असेल तर त्याचेही ऐकावे; तोही त्याच चौकटीत दिसणार असतो आणि त्याला कोणीच काही विचारत नाही.

ऐकताना काय टिपावे

सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा ऐकू येते ते केबिनबद्दल. मालकाला केबिन म्हणजे कामाची जागा वाटते. चालकाचे मात्र महिन्यातले वीस-बावीस दिवस तिथेच जातात. तिथे तो कपडे बदलतो, लुंगी नेसून मागच्या बर्थवर आडवा होतो, सकाळी उदबत्ती लावतो, बायकोशी भांडतो आणि मुलीच्या परीक्षेची चौकशी करतो. एका चालकाने मला विचारले होते की, साहेब, तुमच्या घरी माजघरात असा डबा लावला आणि त्यातून कोण पाहतो ते सांगितले नाही, तर वहिनी काय म्हणतील? त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘कोण पाहतो’ हा त्यातला कळीचा भाग आहे. चित्रण होण्याबद्दल जितकी नाराजी असते, त्याहून कितीतरी अधिक नाराजी ते चित्र कोणाच्या मोबाइलवर फिरेल याबद्दल असते, आणि तिला कारणही असते: झोपलेल्या चालकाची फीत, म्हणजे व्हिडिओ, व्हॉट्सॲपच्या गटात टाकून तिच्यावर हसण्याचे प्रकार घडतात. आमच्याकडेही एकदा घडला.

दुसरी तक्रार पैशांची. यंत्राने महिन्याला ‘गुण’ दिले की ते गुण भत्त्याशी जोडण्याची कल्पना मालकाला सुचतेच, आणि चालकाला ते आधीच कळलेले असते.

तिसरी तक्रार खोट्या इशाऱ्यांची, आणि तिच्याकडे मालक सर्वांत कमी लक्ष देतात. तंबाखू मळून हात तोंडाकडे नेला की यंत्राला तो फोन किंवा विडी वाटू शकते. घाटातल्या वळणावर डाव्या आरशात वळून पाहणे हे चांगल्या चालकाचे लक्षण. यंत्र तेच ‘लक्ष विचलित’ म्हणून नोंदवू शकते. पुण्याच्या गर्दीत दुचाकी पुढून कापून जाते तेव्हा पुढच्या वाहनाशी टक्कर होण्याचा इशारा इतक्या वेळा वाजतो की चालक त्याकडे लक्ष देणेच सोडतो, आणि मग खऱ्या वेळी वाजलेली शिट्टीही वाया जाते.

याच्या उलट बाजूनेही चालक बोलतात, आणि तेही तितक्याच काळजीने लिहून घ्यावे. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार ज्याने भरलेली गाडी घेऊन उतरला आहे, त्याला रस्त्याकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. 20 नोव्हेंबर 2022 रोजी त्या उतारावर एका जड वाहनाने कितीतरी गाड्यांना धडक दिली, आणि तेव्हापासून तिथे कुठेही अपघात झाला की पहिला संशय मोठ्या गाडीवर जातो. अपघातानंतर जमाव चालकावर धावून येतो, ही भीती प्रत्येक चालकाच्या मनात असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मधील उपकलम (2), म्हणजे अपघातानंतर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता निघून गेल्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षा, याविरुद्ध जानेवारी 2024 च्या सुरुवातीला चालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, पुण्यातही पंपांवर रांगा लागल्या. संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. त्या दिवसांत मी ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांचे म्हणणे असे होते की रस्त्याचे चित्रण असेल तर निदान चूक कोणाची हे दाखवता येईल. आतल्या कॅमेऱ्याबद्दल मात्र तेच लोक नाक मुरडत, जरी चालक फोनवर नव्हता हे सिद्ध करायला आतलेच चित्रण उपयोगी पडते. ही विसंगती आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटने 2023 मध्ये तिकडच्या चालकांना आतल्या कॅमेऱ्याला दहापैकी गुण द्यायला सांगितले, तेव्हा सरासरी 2.24 आली.

झोप कुठून येते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये

कॅमेरा झोप पकडतो, परंतु ती कुठून आली हे त्याला दिसत नाही, आणि मालकाला ते बहुधा पाहायचे नसते. आमच्या पहिल्या महिन्यातल्या नोंदींमध्ये एका चालकाच्या नावावर सातारा ते कराड या टप्प्यात पहाटे तीननंतर झोपेचे पाच इशारे लागले. मी त्याला बोलावून खडसावले. त्याने शांतपणे खिशातला गेटपास काढून दाखवला: सकाळी दहाला गाडी गेटवर लागली होती, भरून बाहेर पडली ती रात्री नऊला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत बंगळूरला पोच द्यायची असे मीच त्याला फोनवर सांगितले होते. ते अकरा तास तो उन्हात केबिनमध्ये बसून, दर वीस मिनिटांनी गाडी पुढे सरकवत होता. माझ्या कागदावर त्या वेळेला ‘विश्रांती’ असे नाव होते.

मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 च्या कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा, तसेच सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. वाहतूक व्यवसायात हे आकडे ठाऊक असलेले लोक मला फार थोडे भेटले. म्हणून चालकांशी बोलताना एक स्वतंत्र वही ठेवावी आणि तीत प्रत्येक फेरीच्या चार वेळा लिहाव्यात: गेटवर पोचल्याची, भरून सुटल्याची, माल खाली होऊन सुटल्याची, आणि त्याआधीच्या सलग झोपेची. महिनाभराने यंत्राचे इशारे या वहीशेजारी ठेवून पाहावेत. आमच्याकडे जे इशारे लागले, त्यांतले बरेचसे लांब थांबलेल्या फेऱ्यांवर निघाले, आणि त्याचा उपाय चालकाच्या हातात नव्हता. तो ग्राहकाशी बोलून भरण्याची वेळ आधी ठरवून घेण्यात, हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याबद्दलचे, पैसे मागण्यात आणि पोच देण्याची वेळ सहा तासांनी पुढे ढकलण्यात होता. ग्राहकानेच कॅमेऱ्याची अट घातली असेल तर हा कागद त्याच्यासमोर ठेवण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे. त्याला झोपेचे इशारे पाहायचे असतील, तर त्याने स्वतःच्या गेटवरची वेळही पाहावी.

एक पानी नियम

चालकांच्या बोलण्यातून जे निघाले, ते मराठीत आणि हिंदीत एका पानावर लिहावे, केबिनमध्ये चिकटवावे आणि प्रत्येकाला वाचून दाखवावे. वकिली भाषा टाळावी. ‘पाहील’, ‘पाहणार नाही’ अशी साधी क्रियापदे पुरतात.

पहिले कलम कॅमेरा केव्हा बंद राहील याचे असावे, कारण चालक तेच आधी वाचतो. ‘इंजिन बंद तर कॅमेरा बंद’ हा नियम सोपा दिसतो, पण तो फसतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार झालेल्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे, आणि उन्हाळ्यात चालक गारव्यासाठी इंजिन चालू ठेवून झोपतो. त्यामुळे आतला कॅमेरा गाडीच्या वेगाशी जोडून घ्यावा, गाडी काही मिनिटे उभी राहिली की तो बंद व्हावा, आणि त्याशिवाय भिंगावर सरकवण्याचे झाकण असावे. बर्थ चौकटीत येणार नाही असा कोन ठरवून द्यावा. आवाजाची नोंद कायमची बंद ठेवावी. अपघाताच्या चौकशीत आवाजावाचून अडल्याचे मी अजून पाहिलेले नाही, आणि चालकाचा निम्मा विरोध या एका गोष्टीने मावळतो.

दुसरे कलम पाहणाऱ्यांचे. मालक आणि आणखी एक जबाबदार माणूस, यांखेरीज कोणाकडेही पासवर्ड नसावा, आणि कोणती फीत कोणी कधी उघडली हे वहीत लिहावे. व्हॉट्सॲपवर फीत पाठवायची नाही, हे वाक्य स्वतंत्रपणे आणि ठळक लिहावे. चालकाला स्वतःबद्दलची फीत पाहायची असेल तर ती दोन दिवसांत दाखवली जाईल, असेही त्यात असावे.

पैशांबद्दल स्पष्ट लिहावे. पगारातून दंड कापण्यावर आधी 1936 च्या वेतन कायद्यात आणि नंतर 2019 च्या वेतन संहितेत मर्यादा आहे: कोणत्या चुकांसाठी दंड होईल हे आधी मंजूर करून जाहीर केलेले असावे लागते, कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते, आणि एका वेतनकाळातील एकूण दंड वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. यंत्राने शिट्टी वाजवली म्हणून परस्पर पाचशे रुपये कापणे यात बसत नाही. माझ्या मते एकट्या इशाऱ्यावरून काहीच कापू नये. फीत पाहावी, वही पाहावी, चालकाचे ऐकावे.

चित्रण किती दिवस ठेवायचे, याचा हिशेब सोपा आहे. दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला 4 मेगाबिट या वेगाने साठवत असतील, तर तासाला सुमारे 1.8 जीबी जागा लागते आणि 128 जीबीच्या कार्डात सुमारे 70 तासांचे चित्रण मावते. गाडी रोज दहा तास धावत असेल तर आठवड्याभराने जुन्यावर नवे चढते, आणि रोजच्या कामासाठी तेवढे पुरे आहे. अपघात झाला तर मात्र कार्ड लगेच काढून बंद पाकिटात ठेवावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलवरून निघणारा ओळखीचा आकडा, लिहावा लागतो; फाइल जराही बदलली की तो बदलतो. मोबाइलवरून पुढे पाठवलेली प्रत मूळ फाइलशी जुळत नाही, हा मुद्दा चालकांनाही सांगावा, कारण ती फीत उद्या त्यांच्याच बाजूने लागणार असते.

कायद्याच्या बाबतीत मालकांमध्ये दोन टोकाचे समज आढळतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची काही मुभा देतो. त्यामुळे ‘सही घेतली नाही तर सगळेच बेकायदा’ हे खरे नाही. परंतु ती मुभा त्या कामापुरतीच आहे, झोपलेल्या माणसाचे चित्र गटात टाकण्यासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, त्यानंतर या प्रश्नाकडे पाहण्याची न्यायालयांची नजरही बदलली आहे. कायद्याने गरज नसली तरी सही घ्यावी, असे मी सांगेन. मात्र नियम वाचून दाखवल्यानंतर, आणि चालकाला एक प्रत देऊन.

दोन गाड्यांवर चाचणी

सगळ्या गाड्यांना एकदम यंत्र लावू नये. स्वतःहून तयार झालेल्या दोन चालकांच्या गाड्या घ्याव्यात, त्यातली एक खंबाटकी घाटाच्या वाटेवर रोज जाणारी असावी, आणि सहा आठवडे थांबावे. चालकाने खोट्या वाटलेल्या प्रत्येक इशाऱ्याची वेळ आणि जागा सांगावी, क्लीनरने लिहावी, आणि आठवड्यातून एकदा विक्रेत्याच्या माणसाला ती यादी देऊन यंत्राची संवेदनशीलता बदलून घ्यावी. रात्री यंत्र अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड, प्रकाशावर पाहते. काही जाड किंवा गडद चष्म्यांमागचे डोळे त्याला नीट दिसत नाहीत, म्हणून चष्मा लावणाऱ्या चालकाची चाचणी वेगळी करावी. जोडणी 24 व्होल्टच्या गाडीला चालणारी आहे ना, आणि गाडी उभी असताना बॅटरी उतरत नाही ना, हेही याच काळात कळते.

सहा आठवड्यांनी त्याच टपरीवर, त्याच पद्धतीने पुन्हा बोलावे. या वेळी ज्यांच्या गाडीत यंत्र नव्हते त्यांनाही विचारावे, कारण दोघा सहकाऱ्यांकडून त्यांनी जे ऐकले असेल त्यावरच त्यांचे मत तयार झालेले असते. आणि भिंगावर गमछा टाकलेला दिसला तर आरडाओरडा करण्यापूर्वी तो कोणत्या वेळी टाकला गेला ते पाहावे. गाडी उभी असताना टाकला असेल तर आपले झाकण किंवा वेगाची जोडणी काम करत नाही, ती दुरुस्त करून घ्यावी. गाडी चालू असताना टाकला असेल, तर त्या फेरीची वही काढावी, गेटवरची वेळ पाहावी, आणि मगच चालकाला फोन लावावा.